अ‍ॅक्टिव्हिटी लेव्हल कोणती निवडायची?

अ‍ॅपवर कॅलरी मोजायला सुरुवात केलीत, छान झालं. अ‍ॅक्टिव्हिटी लेव्हल म्हणजे दिवसभरात तुमची हालचाल किती होते, ते सांगणारा पर्याय. नव्या माणसाचा पाय घसरतो तो नेमका इथेच.

दिवसातले आठ तास खुर्चीत जात असतील, तर संध्याकाळी पाऊण तास व्यायाम करूनही आधी 'बैठी'च निवडा. त्यात कमीपणा काही नाही. हिशेब बघा: शरीराची मूळ गरज (नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला लागते ती) १५०० कॅलरी धरली, तर बैठ्यासाठी १.२ ने गुणून १८०० येतात, 'मध्यम'साठी १.५५ ने २३२५. एका चुकीच्या टिचकीने रोज सव्वापाचशेचा फरक!

दुसरी चूकही बऱ्याच जणांची होते: व्यायाम दोनदा मोजणं. 'मध्यम'मध्ये व्यायाम आधीच धरलेला असतो. वर पुन्हा चालणं-पळणं नोंदवलंत, तर तेच आकडे दोनदा जमा होतात. त्यामुळे,

- 'बैठी' निवडली, तर व्यायाम वेगळा नोंदवा. घड्याळ कॅलरी बऱ्याचदा फुगवून सांगतं, म्हणून सुरुवातीला निम्म्याच धरा.
- व्यायामासकट लेव्हल निवडली, तर वेगळं काही नोंदवू नका.

मग तीन आठवडे काही बदलू नका. रोज सकाळी वजन करा, पण आठवड्याची सरासरीच बघा. ती हलली नाही तर रोजच्या कॅलरींचा आकडा शंभर-दीडशेने बदला. प्रथिनं, कर्बोदकं वगैरे नंतर बघू.