अर्धा उरलेला गॅस कॅनिस्टर आणि पेट्रोलवर चालणारा कॅम्पिंग स्टोव्ह पुढच्या ट्रिपपर्यंत घरी कसे ठेवावेत?

अर्धा वापरलेला कॅनिस्टर खुशाल ठेवा, फेकायची गरज नाही. फक्त स्टोव्ह त्यावर बसवलेला राहू देऊ नका. आटेवाल्या कॅनिस्टरला स्वतःची स्प्रिंगची झडप असते. बर्नर फिरवून घट्ट केला की त्याची पिन ती झडप दाबून उघडते. मग गॅस अडवायला उरतो तो फक्त बर्नरचा नॉब, आणि सामानाच्या धक्क्याने तो जरासा फिरायला कितीसा वेळ लागतो? शिवाय महिनोन्‌महिने दाबून राहिलेली ओ-रिंग, म्हणजे जोडातली गळती रोखणारी रबरी कडी, चपटी होते आणि पुढच्या वेळी गळते.

बर्नर काढताना क्षणभर फुस्स होणारच. त्यानंतर झडपेवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून बघा. बुडबुडे येतच राहिले तर आत वाळूचा कण अडकला असेल किंवा झडपेचं रबर गेलं असेल. असा कॅनिस्टर घरात आणायचा नाही; उघड्यावर, कुठल्याही आगीपासून लांब ठेवून पूर्ण रिकामा होऊ द्या. झडप ठीक असेल तर प्लास्टिकचं टोपण लावा. हे टोपण बरेच जण पहिल्याच दिवशी फेकतात, पण झडपेत धूळ जाऊ नये म्हणूनच ते असतं.

भोक पाडून बसवायचे कॅनिस्टर वेगळे. त्यांना झडप नसते, त्यामुळे गॅस शिल्लक असताना स्टोव्ह काढलात तर सगळा गॅस बाहेर येतो. ते ट्रिपवरच संपवून यावेत हे बरं.

जागा हवेशीर आणि सावलीतली हवी. तापमान 50 अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये, म्हणजे उन्हात उभी असलेली बंद गाडी बाद. गीझर, इन्व्हर्टर यांच्या शेजारीही नको. ब्यूटेन आणि प्रोपेन दोन्ही हवेपेक्षा जड, गळले तर जमिनीलगत साचतात. म्हणून तळघर आणि पलंगाखालचा कप्पा सर्वांत वाईट. ओलीत कॅनिस्टरच्या बुडाची कड गंजते, तीही अधूनमधून बघा. किती गॅस उरलाय हे हलवून कळत नाही. नवा असतानाच काट्यावर वजन करून मार्करने डब्यावर लिहून ठेवा, पुढे नुसती वजाबाकी.

खरी कटकट पेट्रोलच्या स्टोव्हची. आधी तो पूर्ण थंड होऊ द्या, मग इंधनाच्या बाटलीतला दाब मोकळ्यावर सोडा आणि पंप काढा. उरलेलं पेट्रोल तसंच राहिलं तर त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट डिंकासारखा थर राहतो. जेटचं, म्हणजे इंधन बाहेर पडतं त्या तोंडाचं, छिद्र केसाएवढं बारीक, ते बुजायला एवढं पुरतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावाही धरतं. म्हणून बाटली रिकामी करा, पेट्रोल इंधनासाठीच्या मान्यताप्राप्त कॅनमध्ये ओता आणि नळीतले थेंब फडक्यावर निथळू द्या. फडकं बाहेर वाळवा. रिकामी बाटली निर्धोक समजू नका: आत उरलेली वाफ पेट्रोलपेक्षा पटकन पेट घेते. टोपण उघडं ठेवून ती बाहेरच कोरडी होऊ द्या. पंपाच्या चामडी वॉशरला तेलाचे दोन थेंब द्या, नाहीतर तो आकसतो आणि पंप मारूनही दाब तयार होत नाही.

बर्नर पुसून कापडी पिशवीत तोंड बांधून ठेवा. हवा ओढणाऱ्या नळीत कोळी जाळं विणतात आणि हवा कमी पडून ज्योत पिवळी होते. काजळी धरते ते वेगळंच, पण त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्यामुळे निघण्याच्या आठवडाभर आधी स्टोव्ह मोकळ्या जागेत पेटवून बघा. ज्योत निळी स्थिर झाली नाही तर जेट आणि ती नळी साफ करायला हाताशी वेळ राहतो.