कमेंट मोजून काय कळणार?

प्रश्न : आमच्या टीममध्ये कोणताही कोड सहकाऱ्याने तपासल्याशिवाय (म्हणजे कोड रिव्ह्यूशिवाय) मुख्य कोडमध्ये मर्ज होत नाही. असे तपासताना प्रत्येकाने महिन्याला किती कमेंट लिहिल्या, याचा तक्ता मॅनेजर ठेवतात. तरीही प्रॉडक्शनमधले, म्हणजे ग्राहकांच्या वापरात असलेल्या सॉफ्टवेअरमधले, बग कमी होत नाहीत. कोड रिव्ह्यूचा उपयोग मोजावा कसा? – एक वाचक, पुणे

उत्तर : कमेंट मोजल्या की कमेंटच वाढतात. ‘व्हेरिएबलचे नाव बदला’, ‘इथे एक स्पेस जास्त आहे’ अशा शेऱ्यांनी तक्ता भरतो, आणि ही कामे तर लिंटर, म्हणजे कोडमधल्या अशा चुका आपोआप दाखवणारे साधन, बिनपगारी करतो.

मोजणीची सुरुवात निसटलेल्या बगांपासून करावी. गेल्या तिमाहीत प्रॉडक्शनमध्ये सापडलेले वीसेक बग घ्या, प्रत्येक बग कोणत्या पुल रिक्वेस्टमधून (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीमधून) आत शिरला ते, कोणती ओळ कोणत्या बदलात आली हे दाखवणाऱ्या ‘गिट ब्लेम’ने शोधा, आणि ती किती ओळींची होती, किती मिनिटांत मंजूर झाली व त्या नेमक्या ओळीवर कोणी काही विचारले होते का, हे नोंदवा. आठशे ओळींना दहा मिनिटांत मिळालेले ‘छान आहे, मंजूर’ तिथे बहुधा भेटेलच. सिस्को या नेटवर्क कंपनीतील सुमारे २,५०० रिव्ह्यूंच्या अभ्यासातून, २००६ साली, एका वेळी २०० ते ४०० ओळी आणि तासाला ५०० ओळींहून कमी वेग, अशी मर्यादा सुचवली गेली होती. ती आजही हाताशी ठेवावी.

अर्थात ओळी थोड्या असल्या म्हणजे चूक दिसतेच असे नाही. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमधील ‘हार्टब्लीड’ या गाजलेल्या सुरक्षा-त्रुटीचा कोड रिव्ह्यू होऊनच आत गेला होता. समोरच्या संगणकाने सांगितलेली मजकुराची लांबी प्रत्यक्ष मजकुराशी ताडून पाहणारी तपासणी त्यात नव्हती, आणि हे २०१४च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, उघड झाले नाही. लिहिलेले वाचणे सोपे असते, न लिहिलेले दिसणे अवघड. म्हणून ‘बाहेरून येणारे मूल्य कुठे तपासले आहे?’ हा प्रश्न रिव्ह्यू करणाऱ्याने दर वेळी विचारावा आणि त्याची चाचणी पुल रिक्वेस्टसोबतच मागावी.

शिवाय, किती कमेंटमुळे कोड खरोखर बदलला आणि पहिल्या उत्तराची वाट किती तास पाहावी लागली, हेही पाहा. मात्र हे आकडे टीमचे म्हणून ठेवा. अप्रेझलच्या फाइलमध्ये गेले, की ते महिन्याभरात सुंदर दिसू लागतील.