रोबो व्हॅक्युम घेतला तर झाडू-पोछ्याची बाई बंद करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-वडील दोघंच जुन्या घरात राहतात, बाई सारख्या दांड्या मारते, तुम्ही बाहेरगावी. तेव्हा त्यांना रोबो व्हॅक्युम, म्हणजे आपोआप घरभर फिरून केर ओढणारं यंत्र, घेऊन द्यावा आणि बाईची कटकटच संपवावी का?

घेऊन द्या. बाई मात्र राहू द्या.

आमचं घर इंदूरला, राजेंद्रनगरात. जुनं, खालीवर दोन मजले, माणसांनी भरलेलं, आणि त्यात सासूबाईंचा शब्द शेवटचा. अशा घरात हे यंत्र नांदतंय म्हणून लिहिते.

रोजची बारीक धूळ ते फार छान काढतं. त्यापलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. जिना, जळमटं, पंख्याची पाती, ओट्याखाली सांडलेलं वरण, मोरीची कड हे सगळं माणसाच्याच हातचं. खोलीच्या कोपऱ्यात तर त्याचं गोल अंग शिरतच नाही, बाजूचा फिरता ब्रश जेवढं ओढून आणेल तेवढंच. पण धूळ म्हणाल तर त्याला तोड नाही. इंदूर २०१७ ते २०२३ दरवर्षी स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं, रस्ते रात्रीच झाडून होतात, तरी मे महिन्यात लू सुटली की सकाळी पुसलेली फरशी संध्याकाळी अनवाणी पायाला कचकचते. रोबोची एक फेरी झाली की ती कचकच जाते. शिवाय पलंगाखालचं. आमच्या बाईने त्याला पहिल्यांदा दिवाणाखालून बाहेर येताना पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "दीदी, वहाँ तो मेरी झाडू भी आधी ही जाती है." तिला त्याचा राग नाही आला, उलट कमरेला आराम झाला.

त्याचा डबा एकदा उघडून बघण्यासारखा असतो. धूळ आणि केस मिळून नमद्यासारखा करडा थर झालेला, त्यात सेवेचे पिवळे तुकडे, उदबत्तीची राख, पोह्यांवरच्या खोबऱ्याचा वाळलेला कीस. सासूबाई तो कागदावर पालथा करून काडीने उसकटून बघतात आणि मगच फेकू देतात, कारण त्यातून एकदा नथीचा मोती निघाला होता. तुमच्या आईंनाही हे सांगून ठेवा.

आता यंत्राआधी घर बघा. पुढच्या खेपेला जाल तेव्हा फूटपट्टी घेऊन उंबरठे मोजा. बहुतेक यंत्रं दोन सेंटीमीटरपर्यंतचा उंचवटा चढतात, आणि जुन्या घरातले लाकडी उंबरठे त्याहून उंच असतात. आमच्या देवघराचा आणि स्वयंपाकघराचा उंबरठा त्याला कधीच चढता आला नाही, तिथे आम्ही उचलून ठेवतो. तीन-चार किलोचं धूड रोज वाकून उचलणं सत्तरीतल्या माणसाला सांगू नका. सुताराकडून छोटा उतार करून घेता येतो, पण त्याचीच ठेच लागायची. त्यापेक्षा बैठक आणि झोपायच्या खोल्या एवढीच त्याची हद्द माना.

दुसरी अडचण दुकानात कोणी सांगत नाही, ती काळ्या फरशीची. यंत्राच्या पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतात. ते प्रकाश खाली सोडतात आणि फरशीवरून तो परत आला तर पुढे जातात. परत आला नाही तर समोर जिन्याची कड आहे असं समजून मागे फिरतात. पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट किंवा कडप्पा तो प्रकाश बराचसा गिळून टाकतो. आमच्या बैठकीच्या दाराशी चार बोटं रुंद काळी पट्टी आहे. यंत्र तिथपर्यंत तोऱ्यात यायचं, थबकायचं, मागे सरायचं, जरा तिरकं होऊन पुन्हा यायचं आणि पुन्हा थबकायचं. सेन्सरवर कागद चिकटवा असा सल्ला मिळतो, पण घरात जिना असेल तर हे चुकूनही करू नका, खाली गडगडेल. आम्ही त्या पट्टीवरच फिकट रंगाची चिकटपट्टी लावली. दिसते भिकार, पण काम झालं.

मग राहतं ते जमिनीवर पडलेलं सामान. चार्जरच्या वायरी, सतरंजीच्या दशा, गोंडे लावलेली पायपुसणी, पायजम्याची लोंबती नाडी. यातलं एक जरी ब्रशमध्ये गुंडाळलं गेलं की यंत्र जागेवर थांबून कोणीतरी येण्याची वाट बघत बसतं. आमच्याकडे मुलं ओरडा खाऊन का होईना सगळं उचलतात. दोघांच्याच घरात हे रोज होणार नाही, म्हणून वायरी भिंतीला कायमच्या ठोकून घ्या आणि दशांची सतरंजी गुंडाळून कपाटावर टाका.

वेळेचं मी दुकानदारावर सोडणार नाही. सुरुवातीला संध्याकाळी सातची वेळ लावलेली होती. सासूबाईंनी दिवा लावला आणि हे बाहेर पडलं. "लक्ष्मी यायच्या वेळेला केर काढतोय मेला!" तेव्हापासून सकाळी अकरा, पूजा आटोपल्यावर. कोणी गावाला निघालं की त्याच्या पाठोपाठ झाडायचं नाही, हेही पाळतो, तेव्हा त्या दिवशी फेरी बंद. तुमच्याकडे असलं काही मानत नसतील तरी वेळ विचार करूनच ठरवा. बुटकं यंत्र पायाशी येतं आणि चष्मा नसला की दिसत नाही. वडील खुर्चीत पेपर वाचत बसलेले असतील तेव्हाच ते फिरावं. आणि मोबाइलवरून तुम्ही तिकडून सुरू करणार असाल तर आधी फोन करा. आपोआप सुरू झालेलं यंत्र दचकवतं.

सणांचं वेगळं. गौरी आवाहनाला दारापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं असतात, त्यामुळे तेवढे दिवस त्याला सुट्टी. पावलं पुसली जातील हे एक, आणि रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती फिल्टरमध्ये बसली की ओढ कमी होते. गुलाल त्याहून वाईट. रंगपंचमीला राजवाड्यावरच्या गेरमधून, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीतून, आमची माणसं ज्या अवतारात परततात ते पाहून मी यंत्र आदल्या रात्रीच उचलून कपाटावर ठेवते. त्या दिवशी बादली आणि ओलं फडकं, दुसरं काही नाही.

पोछ्याच्या सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. साध्या यंत्राचा पोछा म्हणजे मागे लावलेलं ओलं फडकं, ते फरशीवरून ओढलं जातं, घासलं जात नाही. सांडलेल्या चहाचा चिकट डाग तसाच राहतो. टाकीत फिनाइल घालायलाही बहुतेक कंपन्या मनाई करतात.

कोणता घ्यावा म्हणाल तर डोक्यावर फिरतं लेझर असलेला. इलेक्ट्रोलक्स कंपनीचा ट्रायलोबाइट नावाचा रोबो व्हॅक्युम २००१ साली आला, पुढच्याच वर्षी अमेरिकेत रूम्बा. रूम्बासारखी त्या काळची यंत्रं भिंतीला धडकायची, वळायची, पुन्हा धडकायची. २०१० मध्ये नीटो कंपनीने लेझरने खोली मोजणारं यंत्र काढलं आणि तेव्हापासून हे नकाशा करून ओळीने झाडायला लागले. आपल्याकडे एप्रिल २०२० च्या लॉकडाउनमध्ये शाओमीने लेझरवालं यंत्र १७,९९९ रुपयांना आणलं, घरोघरी बाई येईनाशी झाली होती नेमकी तेव्हा. अजूनही स्वस्तातली काही यंत्रं नकाशाशिवाय येतात, ती खोल्या-खोल्यांच्या जुन्या घराला निरुपयोगी. लेझरला पलंगाखालच्या अंधाराचा त्रास नसतो. मात्र त्या टोपीमुळे यंत्राची उंची साडेनऊ-दहा सेंटीमीटर होते, म्हणून पलंगाखालची जागाही मोजा. जमिनीपर्यंतचा आरसा असेल तर लेझर फसतं, तिथे ॲपमध्ये बंदीची रेघ ओढा. ओढीचा जोर सांगणारे पास्कलचे मोठमोठे आकडे विसरा, गुळगुळीत टाइल्सवर अडीच-तीन हजार भरपूर झाले. वायफाय बहुतेक यंत्रांना २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं, राउटर बसवणाऱ्याला ते आधी सांगा. आई-वडिलांना ॲप शिकवत बसू नका, वरचं बटण दाबलं तरी चालतं.

कॅमेरावालं यंत्र मी तरी आई-वडिलांच्या घरात ठेवणार नाही. रूम्बाच्या चाचणीतल्या यंत्रांनी घरांत टिपलेली छायाचित्रं, त्यात बाथरूममधल्या एका बाईचंही, समाजमाध्यमांवरच्या गटांत पोचल्याचं एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या अमेरिकी मासिकाने डिसेंबर २०२२ मध्ये छापलं होतं. ती यंत्रं चाचणीसाठी मुद्दाम बनवलेली होती आणि ती वापरणाऱ्यांनी संमती दिली होती, असं कंपनीचं म्हणणं. संमती देताना त्यांच्या डोळ्यांसमोर हे नक्कीच नसणार.

आता बाई का ठेवायची ते. या यंत्राचीच उस्तवार करावी लागते. डबा रिकामा करणं, फिल्टर हलक्या हाताने आपटून झाडणं (धुतलाच तर पूर्ण एक दिवस वाळवून मगच बसवणं), पोटाखालचे सेन्सर कोरड्या फडक्याने पुसणं. आणि ब्रशला गुंडाळलेले लांब केस कात्रीने उभे कापून काढणं, हे काम किळसवाणं आणि बारीक नजरेचं. तुमच्या आईंनी ते करावं असं तुम्हालाही वाटत नसेल. बाईला महिन्याला थोडे पैसे वाढवून हे तिच्याकडे द्या. आमच्या बाईला एकदा समोर बसवून दाखवलं, आता ती माझ्यापेक्षा लवकर करते. तिने दांडी मारली तर एक-दोन दिवस रोबो एकटा निभावतो, आणि तो कुठे अडकून बसला तर दुसऱ्या दिवशी ती त्याला ओढून बाहेर काढते.

बॅटरी काही वर्षांनी दम सोडते. घेतानाच विचारा की सुटी बॅटरी, ब्रश, फिल्टर तुमच्या गावात मिळतात का. जुनी लिथियमची बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकू नका, गाडीत दाबली गेली की पेटते. आमच्याकडे कचरागाडीला ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे. तुमच्या आई-वडिलांच्या गावात नसेल तर ती विक्रेत्याकडेच परत करा.