वाचकांचे प्रश्न : वादळी पावसानंतर वस्तीची साफसफाई

प्रश्न : वळवाच्या वादळात आमच्या भागातील अनेक घरांवरचे पत्रे उडाले, झाडे पडली आणि विजेच्या तारा लोंबकळत राहिल्या. मंडळाची मुले त्याच रात्री कामाला लागणार होती, परंतु वडीलधाऱ्यांनी त्यांना थांबवले. अशा वेळी कामाचा क्रम कसा असावा?
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : वडीलधाऱ्यांनी योग्यच केले. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर असतो. तापलेल्या जमिनीवरून हवा वेगाने वर चढून उंच गडगडाटी ढग तयार होतात आणि त्या ढगांतून गार हवेचा झोत एकदम खाली आदळतो. त्यामुळे पावसाच्या आधीच धुळीचे लोट आणि सोसाट्याचा वारा येतो, आणि पाहता पाहता आकाश निवळते. आकाश निवळले म्हणजे धोका टळला, असे मात्र नसते. जमिनीवर पडलेली तार मृत आहे असे कधीही गृहीत धरू नये. महावितरणने पुरवठा पूर्ववत केला, किंवा शेजारच्या कोणी जनरेटर थेट घराच्या वायरिंगला जोडला, तर त्याच तारेत क्षणात वीज येते. ओली जमीन आणि तारेला टेकलेला पत्रा यांतूनही धक्का बसतो. म्हणून रात्री दोनच कामे करावीत : 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तारेपासून लांब, दोन्ही बाजूंना माणसे उभी करून गल्ली बंद करावी.

उजाडल्यावर झाडू हाती घेण्यापूर्वी प्रत्येक घराची पाहणी करावी आणि तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, एकटे वृद्ध यांच्या घरांवर सर्वांत आधी ताडपत्री बांधावी. आपल्या पूर्व भागात याला आणखी एक कारण आहे. घरी विड्या वळणाऱ्या बाईची पाने आणि तंबाखू भिजली, तर तिची मजुरीच बुडते. तेव्हा सूप, पाने, तयार विड्या आणि धान्य कोरड्या जागी हलवणे हे रस्त्यावरचा पालापाचोळा गोळा करण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये पाणी शिरले असेल, तर मोटारी आणि स्वीच बोर्ड पूर्ण वाळवून तारतंत्रीकडून तपासून घेतल्याशिवाय मेन स्वीच चालू करू नये.

छपरावर चढताना फार जपावे. भिजलेला जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने सहज फुटतो, म्हणून खालच्या वाशांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरूनच सरकावे. या जुन्या पत्र्यांत बहुधा आसबेस्टॉस असते, आणि त्याचे बारीक तंतू फुप्फुसांत गेल्यास कालांतराने गंभीर आजार होतात. फुटलेले तुकडे पाणी मारून ओले करावेत, तोंडाला मास्क लावून उचलावेत, आणखी फोडू नयेत व कोरडे झाडू नयेत. पत्रे पुन्हा बसवताना त्यांवर दगड ठेवण्याची पद्धत आता तरी सोडावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. वाऱ्याने पत्रा उचलला गेला की तो दगड घरातल्या किंवा शेजारच्या माणसाच्या डोक्यात पडतो. वाशाला आकड्याचे बोल्ट आणि वॉशर लावून पत्रा आवळणे हाच खरा उपाय आहे. ज्या मंडळांना मिरवणुकीच्या आधी लेझमीचा सराव इतक्या शिस्तीत घेता येतो, त्यांना गल्लीवार तुकड्या पाडून ही कामे वाटून घेणे अवघड जाऊ नये.

प्रश्न : छप्पर लगेच दुरुस्त केले तर पंचनामा होणार नाही, असे काही जण सांगतात. ते खरे आहे का? मदत किती मिळते?
एक वाचक, साखर पेठ

उत्तर : पंचनाम्याच्या आशेवर मुलाबाळांना उघड्या छपराखाली ठेवणे मला पटत नाही. ताडपत्री घालण्यापूर्वी घर क्रमांक आणि दार दिसेल असे फोटो घ्यावेत, आतून-बाहेरून नुकसान टिपावे, फुटलेले पत्रे एका बाजूला राखून ठेवावेत, आणि तलाठी तसेच महापालिकेचे विभागीय कार्यालय यांच्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे.

मदतीविषयी अवास्तव अपेक्षा नसावी. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट भागात पूर्ण पडलेल्या घरास 1 लाख 20 हजार रुपये, किमान 15 टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घरास 6,500 आणि कच्च्या घरास 4,000, तर झोपडीस 8,000 रुपये अशी तरतूद आहे. वाऱ्याने दोन-तीनच पत्रे उडालेले घर 15 टक्क्यांच्या या अटीत अनेकदा बसत नाही, आणि घर मालकाच्या नावावर असल्याने भाडेकरूचे नुकसान मागे पडते. मंडळाची वर्गणी आधी अशा घरांकडे वळवावी. ज्यांना सरकारी मदत मिळण्याजोगी आहे त्यांना अर्ज लिहून द्यावा आणि ज्यांना ती मिळणार नाही त्यांना पत्रे घेऊन द्यावेत, अशी विभागणी मला न्याय्य वाटते.

प्रश्न : सोसायटीच्या आवारात एक गुलमोहर पडला आहे आणि एक कडुलिंब कलला आहे. आम्हीच तोडले तर चालेल का?
एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : शहरातील झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे आणि तोडण्यासाठी परवानगी लागते. जीविताला किंवा मालमत्तेला तातडीचा धोका असेल तर झाड लगेच तोडता येते, मात्र 24 तासांत वृक्ष अधिकाऱ्याला कळवावे लागते. पडलेल्या झाडाखाली दबलेल्या फांद्यांत ताण साठलेला असतो आणि कापताच त्या उसळून अंगावर येतात. मोठे खोड अग्निशामक दल किंवा उद्यान विभागाकडेच सोपवावे.

कडुलिंबाची मुळे तुटलेली नसतील आणि झाड लहान असेल, तर फांद्या थोड्या छाटून, सरळ करून, तीन बाजूंनी आधार देऊन ते वाचवता येते, तेव्हा घाईने कुऱ्हाड चालवू नये. गुलमोहराची मुळे उथळ पसरतात. त्यातच आपण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट घालतो, मग पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड कमकुवत होते. उरलेल्या झाडांभोवती किमान एक मीटर माती मोकळी करावी. पाला जाळू नये. तो शेळीपालकांना द्यावा किंवा खड्ड्यात कुजवावा.

प्रश्न : जमिनीखालील हौदात गढूळ पाणी शिरले आहे. पाणी रोज येत नसल्याने ते फेकवत नाही. काय करावे?
एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : ते पिऊ नये. आवार धुण्यासाठी वापरून संपवावे, तळातला गाळ काढून हौद घासावा आणि नवे पाणी भरल्यावर दर 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचे निवळलेले पाणी हौदात मिसळावे व किमान एक तास थांबावे. पावडर जुनी किंवा दमट असेल तर तिची ताकद कमी झालेली असते, म्हणून पिण्याचे पाणी त्यानंतरही उकळून घ्यावे. हौदाचे झाकण घट्ट बसवावे, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.