जिनिंगमधला आवाज : किती आणि किती तास?

प्रश्न : माझे वडील गावाजवळच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) हंगामभर बारा तासांच्या पाळीत काम करतात. मोबाइलवरच्या ॲपने मशीनजवळ 92 डेसिबल दाखवले. मुकादम म्हणतात, मर्यादा 90 ची आहे, दोनने काय बिघडते? वडील कानात रुईचे बोळे घालतात, तरी रात्री कानात शिट्टी वाजत राहते. काय करावे?
— एक वाचक, हिंगणघाट तालुका

उत्तर : दोनने पुष्कळ बिघडते. कारखाना नियमांतील 90 डेसिबलची मर्यादा आठ तासांच्या कामासाठी आहे आणि पुढे दर 5 डेसिबलला मुभेचा वेळ निम्मा होतो. म्हणजे 95 ला चार तास, 100 ला दोन. या हिशेबाने 92 मध्ये जेमतेम सहा तास काम करता येते, आणि वडील बारा तास तिथेच उभे असतील तर रोज दुप्पट मात्रा कानावर घेतात. अमेरिकेतील ‘नायोश’ ही संस्था आठ तासांना 85 डेसिबल आणि दर 3 डेसिबलला निम्मा वेळ धरते. तसे पाहिले तर 92 ला दीड तासाच्या थोडे वरच भरते. मला हाच हिशेब कानाच्या अधिक हिताचा वाटतो.

ॲपचा आकडा मात्र अंदाजापुरताच समजावा. कामगार कधी जिनजवळ, कधी गाठी बांधण्याच्या प्रेसकडे, कधी बाहेर सरकीच्या ढिगाकडे असतो, म्हणून खांद्यावर लावायचा डोसीमीटर (कानावर पडणारा एकूण आवाज मोजणारे छोटे यंत्र) पूर्ण पाळीभर ठेवून मोजणी करावी, अशी मागणी व्यवस्थापनाकडे लेखी करा. सारख्या आवाजाची निम्मी मशीन बंद केली तरी आवाज 3 डेसिबलनेच उतरतो. त्यापेक्षा झिजलेले बेअरिंग बदलणे, खडखडणारे पत्रे कसणे, ब्लोअर वेगळ्या खोलीत बंदिस्त करणे आणि माणसांच्या जागा आलटून-पालटून देणे अधिक उपयोगी पडते.

रुईचे बोळे आवाज फारसे अडवत नाहीत. कापसाच्या मुलखात हे सांगणे जिवावर येते, पण खरे आहे. फोमचे प्लग बोटांनी वळून बारीक करावेत, कानाची पाळी वर-मागे ओढून आत बसवावेत आणि फुगेपर्यंत धरून ठेवावेत. कामाच्या पाळीतला निम्मा वेळ प्लग काढून ठेवले, तर कितीही चांगल्या प्लगचा फायदा सुमारे 3 डेसिबलच उरतो.

रात्रीची शिट्टी ही कानाने दिलेली सूचना आहे. सेवाग्रामच्या किंवा जिल्हा रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, तीही सुटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जाण्यापूर्वी. आवाजाने होणारी हानी तपासणीच्या आलेखात बहुधा 4000 हर्ट्झजवळच्या, म्हणजे उंच पट्टीतल्या, खाचेत आधी दिसते. तेव्हा बोलणे नीट ऐकू येत असल्याने माणसाला शंकाही येत नाही, आणि कानातल्या नष्ट झालेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. आवाजामुळे येणारा बहिरेपणा पूर्वी कारखाना कायदा, 1948 च्या आणि आता त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 च्या तिसऱ्या अनुसूचीत सूचनीय (सरकारी यंत्रणेला कळवणे बंधनकारक असलेला) व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे, म्हणून डॉक्टरांना वडिलांचे काम, पाळीचे तास आणि किती हंगाम झाले हे सांगून केसपेपरवर लिहून घ्या.