आजीच्या पेटीतलं कापड आधी उलटं करून बघा

तुम्ही लिहिलंय की फोंड्याच्या जुन्या घरात आजीची पेटी उघडली आणि त्यात दोन गोधड्या, एक क्रोशाचा टेबलक्लॉथ आणि दसुतीवर (दुहेरी सुताच्या जाड कापडावर) भरलेला राघूंचा रुमाल सापडला. गोव्यातल्या जुन्या भरतकामाचा अभ्यास कुठून सुरू करायचा, आणि या सगळ्याला पोर्तुगीज म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी एकच सांगते: यातलं काहीही धुऊ नका. वीसेक वर्षांपूर्वी मी डिचोलीच्या मावशीची गोधडी चांगल्या मनाने टबात बुडवली. लाल रंग पांढऱ्यावर उतरला, तो उतरलाच. कोपऱ्यातले पिवळे डागही गेले. नंतर मावशी म्हणाली, ती बाळंतिणीची गोधडी, ते डाग हळद-तेलाचे. तिच्या तीन बाळंतपणांची खूण मी साबणाने घालवली होती. अजून आठवलं की जीव तुटतो.

आता रुमाल उलटा करा. उजेड न लागल्यामुळे मागच्या बाजूचे रंग पुष्कळदा जसेच्या तसे राहतात. पुढून राखाडी दिसणारा राघूचा पंख मागे झगझगीत जांभळा निघाला, तर तो धागा बहुतेक कृत्रिम रंगाचा, आणि असे रंग १८५६ नंतरचे. धागा एका फुलावरून दुसऱ्या फुलावर कुठून उडी मारतो, गाठ मारलीय की टोक टाक्यांखाली दाबलंय, हेही बघा. पुढची बाजू नमुन्यावरून उतरवलेली असू शकते, मागची बाजू मात्र त्या बाईच्या हाताची असते.

गोधडी उसवू नका. जिथे आपोआप फाटलीय तिथून आत डोकवा. माझ्याकडच्या एका गोधडीत वर विटलेलं नऊवारी आहे, त्याखाली मांजरपाट, आणि मधल्या थरात जाड सुताची लाल-पांढरी बारीक चौकडी, कुणबी बायका नेसत तशा लुगड्याची. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी या कुणबी लुगड्याला पुन्हा लोकांसमोर आणलं, त्याचा पोत हाताला ओळखू यायला हवा. याच गोधडीवर धावदोरा दोघींचा आहे. एकीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, कडेकडेने आत वळत जाणारा. मध्यावर दुसरीचा, त्याच्या दुप्पट लांब. दोघी सासू-सुना असतील की जावा, कोण जाणे, पण सुई कुठे हातातून हातात गेली ती जागा बोटाला लागते.

पोर्तुगीज म्हणण्याची घाई करू नका. तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे भाग १६व्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेले. फोंडा, डिचोली, पेडणे १८व्या शतकाच्या उत्तरार्धात. ख्रिस्ती झालेल्यांच्या धोतर-चोळीवर बंदी घालणारं इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचं, फर्मान १७३६चं, तेव्हा फोंडा त्यांच्या ताब्यात नव्हताच. म्हणून सासष्टीतल्या मडगावच्या घरातली पेटी आणि तुमची पेटी एका फुटपट्टीने मोजता येणार नाही. टेबलक्लॉथचं म्हणाल तर आकड्याने विणायचं हे काम खुद्द युरोपातच १९व्या शतकात पसरलं, पोर्तुगीजांनी गोवा घेतला त्या १५१० साली ते जहाजातून उतरलं नाही. कोंकणीत लेसला रेंद म्हणतात, तो पोर्तुगीज रेन्दा. मराठीतले काज, फीत, अलपीन तिकडचेच. कशिदा फारसीतून आला. टाका, सुई, गोधडी आपले. कोणती वस्तू कुठल्या वाटेने घरात शिरली, हे असे शब्द मांडून बघितलं की बरंच उलगडतं.

शिवाय ये-जा दोन्हीकडून होती. ज्या भरलेल्या रजयांना इंडो-पोर्तुगीज म्हणतात, त्यातल्या १६व्या-१७व्या शतकातल्या प्रसिद्ध रजया बंगालातल्या सातगाव परिसरातल्या. सुती कापडावर टसर रेशीम, बराचसा साखळी टाका. आज त्या लिस्बनच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. पोर्तुगालमधल्या कास्तेलो ब्रांकोच्या रेशमी भरतकामावर पूर्वेकडची छाप दिसते. म्हणजे शिकणारे तेही होते.

जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात जाऊन पाद्रींची वस्त्रं बघा. असल्या कामात जरीचा धागा सहसा कापडातून आरपार जात नाही, तो वर पसरून बारीक टाक्यांनी बांधतात. मग गावच्या देवळात पुजाऱ्यांना विचारून मखमलीवरचं जुनं जरीकाम बघा, तीच रीत तिथेही सापडेल.

घरी एक वही करा. लांबी-रुंदी, सूत, टाका, डाग, ठिगळ, सगळं लिहा. ठिगळं तर आवर्जून, कारण कुठलं कापड जपण्याच्या लायकीचं वाटलं ते तिथेच कळतं. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना हे काय म्हणून विचारलंत तर एका शब्दात उत्तर मिळेल. हे पेटीतून कधी बाहेर काढायचे, असं विचारा आणि गप्प बसून ऐका.

पावसाळ्याआधी सगळं काढून सावलीत वारा द्या. टाचण्या काढा, गंजाचा डाग जात नाही. कांजी नसलेल्या, धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळी करून ठेवा, घडी नको, घडीवरच कापड चिरतं. डांबरगोळी कापडाला लागू देऊ नका.

आणि जमलं तर मोठ्या गोधडीचा फाटका कोपरा मागच्या बाजूने जवळून टिपून पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. आतला थर चौकडीचा आहे का, ते मला बघायचंय.