फुटलेले ठोकळे परत आणा

प्रश्न : मुलगी सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, आतापर्यंत 71 टक्के. प्रोजेक्टसाठी तिने वखारीतला सागवान-बाभळीचा भुसा सिमेंटमध्ये कालवून ठोकळे पाडले. तिसऱ्या दिवशी साचा उघडला तर कडा हातात आल्या. तरी पुढे ‘लाकडी काँक्रीट’वरच काम करायचं म्हणते. ज्यात ताकदच नाही त्यात भविष्य काय? मी ठोकळे घरामागे टाकून दिले आणि तिला जेईचा (ज्युनिअर इंजिनिअर भरतीचा) क्लास लावला. योग्य केलं ना? – एक पालक, नाशिक

उत्तर : क्लास लावलात, त्याबद्दल तक्रार नाही. ठोकळे टाकलेत, ते मात्र चुकलं. तुमच्या मूळ, लांब पत्रात ‘वर्ष वाया’ हे शब्द तीनदा आले आहेत. ठोकळे का फुटले, हा प्रश्न एकदाही नाही. मुलीला तरी तो विचारलात का? फुटलेला नमुना जपायचा, तोलायचा, त्याची नोंद करायची, हे या पेशाचं पहिलं शिक्षण. फसलेली गोष्ट नजरेआड करायची असते, हे ती घरात शिकली, तर उद्या ज्युनिअर इंजिनिअर म्हणून साइटवर क्यूब (ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा) फेल झाल्यावर काय करेल? तुम्हाला हवी असलेली नोकरीच या सवयीने धोक्यात येते.

आता ठोकळ्यांचं. लाकडातली साखर, हेमिसेल्युलोज (साखरेसारखाच एक घटक) आणि टॅनिन (तुरट द्रव्य) पाण्यात उतरतात आणि सिमेंटचं जमणं रोखतात. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर, सागातही तेलकट अर्क असतो. शिवाय कोरडा भुसा सिमेंटच्या वाट्याचं पाणी पिऊन टाकतो. म्हणजे मुलीचा हात चुकला नाही, भुसा धुवायचा राहिला. साल वेगळी काढायची, भुसा चाळायचा, गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकायचं, पाण्याचा रंग उतरेपर्यंत हे पुन्हा करायचं. मग निथळून, आतून ओला पण वरून कोरडा असा वापरायचा. कॅल्शियम क्लोराइड घालून जमणं लवकर करता येतं, पण सळई असेल तिथे ते अजिबात नको, लोखंड गंजतं. पाडलेले ठोकळे हौदात बुडवू नयेत. लाकूड फुगून तडे जातात. प्लास्टिकखाली झाकून ओल टिकवावी.

‘ताकद नाही म्हणजे भविष्य नाही’ हा समज फार जणांचा असतो. काँक्रीटचं काम फक्त स्लॅब पेलणं नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये फ्रिबूर्गच्या अभियांत्रिकी शाळेत डाया झ्विकी यांच्या गटाने वाळू-खडीऐवजी बारीक केलेलं लाकूड वापरून निम्म्याहून अधिक आकारमान लाकडाचं असलेलं काँक्रीट केलं. नेहमीच्या काँक्रीटच्या निम्म्याहून जास्त त्याचं वजन भरत नाही, सर्वांत हलकं मिश्रण पाण्यावर तरंगतं. 150 मिमीचा साधा क्यूब सुमारे 8 किलो भरतो. घनमीटरला 1000 किलोच्या मिश्रणाचा साडेतीन किलोच्या आत. भिंतीचं पॅनेल, उष्णता आणि आवाज अडवणारा थर, इमारतीवरचा भार कमी करणं, ही त्याची कामं. आपल्याकडेही सिमेंटने बांधलेल्या लाकडी भुशाच्या फळ्या बाजारात आहेत, त्यांच्यासाठी आयएस 14276 हे भारतीय मानक आहे. फक्त लाकूड घातलं म्हणून ते आपोआप पर्यावरणपूरक होत नाही, सिमेंट किती लागलं हे मोजावंच लागतं. हे तिलाही सांगा.

वाटा थोडक्यात : डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला सिव्हिलची पदवी, मग बांधकाम साहित्यात एम.टेक. जेईची परीक्षा सोबत देता येते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतलं काष्ठशास्त्राचं एम.एस्सी. मुळात बी.एस्सी.वाल्यांसाठी आहे, त्यामागे धावू नये. ‘ग्रीन’ नावाचे महागडे सहा महिन्यांचे कोर्स तर नकोतच.

त्याआधी घरी एक चाचणी. थर्मासमध्ये प्लास्टिकची पिशवी, तिच्यात 200 ग्रॅम सिमेंट, 15 ग्रॅम कोरडा चाळलेला भुसा, 90.5 मिली पाणी. मधोमध थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवून 24 तास तापमान लिहायचं. कमाल 60 अंशांवर गेलं तर लाकूड चालेल, 50 च्या खाली राहिलं तर नाही. साग, बाभूळ, आंबा वेगवेगळे तपासायचे, धुतलेले आणि न धुतलेले. सोबत तुलनेसाठी भुशाशिवाय नुसत्या सिमेंटचं एक माप.

आणि टाकलेले ठोकळे तुम्ही स्वतः उचलून आणून तिला द्या. त्यांचं वजन आणि मधून फोडल्यावर आतला भाग किती मऊ राहिला आहे, हे तिच्या अहवालात ‘न धुतलेला भुसा’ या रकान्यात लागणार आहे.